सरकारला उसनं कोण देतं

दोडामार्गापर्यंत मी फुकट गेले. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला आमच्या राज्यात एसटीचं तिकीट पडत नाही. कार्ड दाखवायचं आणि बसायचं. चंदगडहून निघालेली गाडी तिलारीचा घाट उतरली तेव्हा शेजारच्या बाईला दोनदा उलटी झाली, मला काही झालं नाही. घाटाखाली हवा बदलते. अंगाला चिकटते. माडाची आणि काजूची झाडं लागली की समजायचं, आता भाकरी संपली, भात सुरू.

दोडामार्गाला उतरून म्हापशाची खासगी बस धरली. हद्द म्हणजे रस्त्यावर एक चौकी, बाकी माती तीच. कंडक्टर तिकीट फाडायला आला तसं मी कार्ड पुढं केलं. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"आजी, ह्या तुमच्या सरकारचा. हंय चलणा नाय."

"माणूस तेच आहे की," मी म्हटलं. "चौकी ओलांडली म्हणून तरणी झाले का?"

तो हसला, पण पूर्ण तिकीट घेतलं. हे मी आधीच लिहिते, कारण पुढचं सगळं रामायण या तिकिटावरून झालं.

पेडणे

माझी मुलगी सुनंदा पेडणे तालुक्यात दिली आहे. दिली म्हणजे तिची तीच गेली. तुयेच्या वसाहतीत औषधाच्या कारखान्यात पॅकिंगला होती, तिथंच नवरा मिळाला. मला त्या वेळी राग आला होता, आता नाही. माणसं बरी आहेत. यंदा कार्तिकात त्यांच्या गावच्या देवळात भजनी सप्ताह होता, म्हणून तिनं बोलावलं.

घरं चिऱ्याची, कौलारू. दाराबाहेर दोन्ही बाजूंना बसायला दगडी बाक असतात, त्याला सोपो म्हणतात. आमच्याकडं माणूस घरात घेतल्याशिवाय बोलत नाहीत, इथं सगळं बोलणं सोप्यावर होतं आणि आत फक्त जेवायला जायचं. सुनंदाच्या घरासमोर दुसरं तसंच घर, मधे एक अंगण. या घरात माझे व्याही पुंडलीक, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. समोरच्या घरात गुरुदास, पूर्वी खाणीवर ट्रक चालवायचा, आता सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, एकाच बाकावर शिकलेले.

पहिल्या संध्याकाळी इकडून पखवाज वाजायला लागला आणि तिकडून गाणं. मला वाटलं काय सुरेख. मग लक्षात आलं, भजन एकच आहे पण पखवाज पुढं पळतोय आणि गाणारा मागं राहिलाय. दोघं आपापल्या घरात बसून वेगवेगळे चालले होते.

"एकत्र का बसत नाहीत?" मी सुनंदाला विचारलं. ती कणीक मळत होती. पोळ्यांची नव्हे, पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची. ती ओली असेल तरच घुमतो.

"चवथीपासून बोलत नाहीत," ती म्हणाली. "आरती झाली, प्रसाद वाटला आणि सरकारच्या कर्जावरून लागली. मामंजी म्हणाले, कर्ज काढल्याशिवाय राज्य चालत नाही. गुरुदासकाका म्हणाले, कर्जानंच बुडतं. ताटं तशीच टाकून उठले."

पुंडलीक एका पक्षाचे, गुरुदास दुसऱ्याचा. पक्षांची नावं मी लिहीत नाही. पुढच्या निवडणुकीपर्यंत कोण कुठं असेल, याची खात्री त्या पक्षांनाही नसते.

नुसतं अबोल्याचं असतं तर मी लक्ष दिलं नसतं. पण सप्ताहात भजन थांबायचं नाही असा नियम आहे. एका वाड्याची पाळी संपायच्या आधी दुसऱ्या वाड्यानं बसायचं, मग पहिल्यांनी उठायचं. शुक्रवारी दुपारची पाळी यांच्या वाड्याची, आजोबांच्या आजोबांपासूनची. आणि देवस्थान समितीनं सांगून ठेवलं होतं, की गेल्या दोन महिन्यांत तुमचा एकही सराव झाला नाही; यंदा पाळी मोडली तर ती खालच्या वाड्याला जाईल. एकदा गेली की परत येत नाही.

"दुसरा कोणी गात नाही?"

"गातात. पण लावून धरणारे हे दोघंच. बाकीचे टाळ वाजवतात."

सकाळी मी अंगणात खुर्ची टाकून बसले. पुंडलीक आपल्या सोप्यावर, गुरुदास त्याच्या.

"विहीणबाय, प्रवास बरो झालो?" पुंडलिकांनी विचारलं.

"बरा झाला. हद्दीपर्यंत फुकट झाला."

समोरून आवाज आला. "विहीणबाय, फुकट काय नसता. ता तिकीट कोण तरी भरता."

पुंडलीक माझ्याकडंच बघून म्हणाले, "तेंका सांगा, म्हाताऱ्या माणसाक बशीत बसवल्यान राज्य बुडना नाय."

दोघांत अंतर एका बैलगाडीएवढं. गुरुदासला ऐकू गेलंच होतं. तरी मी मान वळवून सांगितलं.

"तेंका सांगा, बुडना नाय, पण कर्जात जाता. आज हे काढतले, नातवंडां फेडतली."

"तेंका विचारा, नातवंडां काय पुलावरसून जावची नाय? पूल नातवंडांचो, मगे हप्तो पण नातवंडांचो!"

"तेंका सांगा, पुलासाठी काढलंत तर माझी ना नाय. पगार देऊक काढतत, ता काय पूल?"

"तेंका विचारा, पगार दिलो नाय तर ह्येंच्या दुकानात पत्रे कोण घेतलो?"

असं चहा गार होईपर्यंत चाललं. माझी मान दुखायला लागली.

"मला एक सांगा," मी म्हटलं. "आमच्याकडं कर्ज काढायचं तर सोसायटीत जातात, नाहीतर सावकाराकडं. सरकार कर्ज काढतं ते कुणाकडून? एवढे पैसे आहेत कुणाजवळ?"

दोघांनी एकदमच गार चहाचे कप तोंडाला लावले. दोन महिने ज्यावरून अबोला धरला, त्यातली ही साधी गोष्ट.

"बँकेकडसून," पुंडलीक म्हणाले.

"तेंका सांगा, इतक्या सोप्या नाय," समोरून आलं. पण मग काय आहे, ते त्यानंही सांगितलं नाही.

मला तो प्रश्न चावून बसला. फोंड्याच्या देवळांना जायचं ठरलं होतं, ते मी रद्द केलं. देवळं कुठंही असतात. म्हटलं, आता जो भेटेल त्याला हे विचारायचं.

मोरजी

पुंडलीक आणि सुनंदा मला मोरजीला घेऊन गेले. समुद्र मी आधी पाहिला होता, पण गोऱ्या माणसांना वाळूत उताणं पडलेलं पाहिलं नव्हतं. आमच्याकडं उन्हात असं कुणी पडलं तर कांदा हुंगवतात. काठाचा एक तुकडा दोरी लावून राखला होता. थंडी पडली की तिथं कासवं अंडी घालायला येतात आणि सरकारचा माणूस रात्रंदिवस राखण करतो.

"हेका पण सरकारचो पगार," पुंडलीक मोठ्या अभिमानानं म्हणाले, जणू कासव त्यांनीच मंजूर केलं होतं.

एक कोळीण सुंगटं विकत होती. सुंगटं म्हणजे कोळंबी. मी तिला विचारलं, सरकारला उसनं कोण देतं.

"माका कोण दिना नाय, सरकाराचा तू कित्याक इचारतंस?" ती म्हणाली. "घेतंस काय सुंगटां? घेणा नाय तर सावली सोड."

घेतली. त्या दुपारी हुमण केलं, म्हणजे नारळाचं आंबट कालवण. मला आवडलं, पण दोन दिवस जीभ शेंगदाण्याची चटणी मागत होती.

त्याआधी एक घोटाळा झाला. पाय धुवायला म्हणून पाण्यात गेले आणि लाटेनं एक चप्पल नेली. दुसरी मी रागानं फेकून दिली. एकीचा उपयोग काय? मग वाळूतून चटके सोसत वरच्या दुकानात गेले. दुकानदारानं चप्पल दाखवली, किंमत सांगितली आणि हळूच विचारलं, "बिल जाय?" जाय म्हणजे हवं का.

"बिलानं काय होतं?"

"बिल केल्यार टॅक्स लागता. नाका जाल्यार कमी."

मी काही बोलायच्या आत पुंडलीक म्हणाले, "बिल कित्याक? घरच्या चपला त्या."

मी चप्पल घातली आणि त्यांच्याकडं पाहिलं. "पाव्हणं, सकाळी पूल बांधत होता. आता कशातनं बांधणार?"

सुनंदा तोंड फिरवून हसली. पुंडलीक लाल झाले आणि घरी येईपर्यंत कासवांविषयीसुद्धा बोलले नाहीत. पण बिलाचे जास्तीचे पैसे मीही दिले नाहीत, हे इथं लिहिलं पाहिजे.

डिचोली

गुरुदासला माल आणायला डिचोलीला जायचं होतं. मला म्हणाला, "विहीणबाय, येतास? तेनी तुमका समुद्र दाखयलो, मी डोंगर दाखयतंय." त्याची बायको शालनही आली. पुंडलीक सोप्यावरून बघत होते. गाडी निघताना मला म्हणाले, "तेंका सांगा, गाडी सावकाश हाकूक." मी सांगितलं. गुरुदासनं सावकाश हाकली.

डिचोलीच्या बाजूला डोंगर पोटातून कापलेले आहेत. लाल मातीच्या पायऱ्या, खाली तळ्यासारखं हिरवं पाणी. एका वळणावर त्यानं गाडी थांबवली. तिथं गवतात चार-पाच ट्रक होते, चाकं जमिनीत गेलेली, एकाच्या केबिनमधून झाड वर आलेलं.

"ह्यातलो एक माझो होतो," तो म्हणाला. "कर्ज काढून घेतलेलो. खाणी बंद पडल्यो आणि हप्ते चालू ऱ्हवले. माल वाहूक नाय, पण बँकेचो माणूस दर महिन्याक दारात. मी फेडलंय. पण पुंडलीक जेव्हा म्हणता ना, कर्ज काढल्यान काय होता, तेव्हा माका ह्यो ट्रक दिसता. तेचो पगार कधी थांबलो नाय, विहीणबाय. तेका म्हायत नाय."

"हे त्याला सांगितलंस का?"

"आकडे सांगितले. ह्या कसा सांगूचा?"

शालन मागून म्हणाली, "दोन महिने माझ्याकडे बोलता, तेंच्याकडे बोल म्हटल्यार बोलणा नाय."

बाजारात एका हॉटेलात पातळभाजी आणि पाव खाल्ले. पाव कडक, गोल, त्याला उंडो म्हणतात. भाजी वाटाण्याची, पातळ. आमच्या मिसळीची ही गरीब बहीण, पण पोटाला सोसते. तिथं मी पुन्हा विचारलं, सरकारचा सावकार कोण.

गुरुदासनं पाव खाली ठेवला. "मी त्या दिवसापासून इचार करतंय. एका जाणत्याक इचारून पण इलंय. बँका देतत. इमा कंपन्यो देतत. पण बँकेक पैसे कोण देता? लोक ठेवतत ते. विहीणबाय, तुमचे पैसे खंय आसत?"

"पोस्टात. बचतीत. माझ्या मातीला म्हणून ठेवलेत."

"पोस्टात ठेवतत ते पैसे सरकारच वापरता आणि तुमका याज देता." तो हसायला लागला. "मगे दुसरो सावकार कित्याक सोधतास? तुमीच!"

पोस्टातली बाई शिक्का मारते आणि पैसे त्या कपाटात राहतात, असंच मी आजवर धरून चालले होते. ते बाहेर पडून कुठं कुठं हिंडतायत, कुणाचा पगार होतायत, कुठं रस्ता होतायत, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. भीती वाटली नाही. पण कुणी आपलं भांडं न विचारता वापरलं की जसं वाटतं तसं वाटलं.

"मग मला एसटीचं तिकीट फुकट आहे ते माझ्याच पैशातनं?"

"थोडा तुमच्या, थोडा माझ्या," गुरुदास म्हणाला.

उठताना शालनचा फोन वाजला. सरकारचे बायकांच्या खात्यात दर महिन्याला पडणारे पैसे पडले होते. "पडले?" गुरुदासनं लगेच विचारलं. "मागच्या महिन्याचे इले नाय हां, बँकेत इचार जावन."

मी त्याच्याकडं चपलेच्या दुकानात पाहिलं होतं तसंच पाहिलं. तो म्हणाला, "बघू नकात. माका समाजला."

परत आल्यावर मी हे सगळं पुंडलिकांना सांगितलं, ट्रकचंसुद्धा. मला कुणी गुपित म्हणून सांगितलं नव्हतं. पोस्टाचं ऐकून ते म्हणाले, "गुरुदासान बरोबर सांगल्यान." ट्रकचं ऐकून उठून आत गेले. त्या संध्याकाळी पखवाज वाजला नाही.

देऊळ

शुक्रवारी दुपारी जेवून आम्ही देवळात गेलो. सप्ताह बसल्यापासून मासे बंद, घरोघरी खतखतं. म्हणजे सगळ्या भाज्या आणि कंदमुळं एकत्र शिजवायची. देवळासमोर नवा मंडप आहे, पत्र्याचं उंच छप्पर, दारात दगडी पाटी आणि त्यावर ज्यानं पैसे मंजूर करून आणले त्या पुढाऱ्याचं नाव. देवाचं नाव शोधायला आत जावं लागतं.

आत चौकात मोठी समई आणि तिच्याभोवती खालच्या वाड्याचे लोक गात होते. पहाटेपासून बसलेले, त्यांच्या गाणाऱ्याचा आवाज पार बसला होता. आमच्या वाड्याचे टाळकरी मागं येऊन बसले. पखवाज आणून ठेवला, सुनंदानं डाव्या तोंडाला कणीक लावली. मी बायकांत खांबाला टेकून बसले. पुंडलीक आणि गुरुदास यायचे होते.

ते आले, पण वेगवेगळे, आणि चपला काढताना मंडपात समोरासमोर झाले. रोजच्यासारखं बोलायला मधे मी हवी होते. मी आत होते. मधलं माणूस नाही म्हटल्यावर त्यांना एकमेकांशीच बोलावं लागलं, आणि दोन महिन्यांचं तुंबलेलं बाहेर आलं. आत सगळं ऐकू येत होतं.

"ज्या छपराखाली चपला काढतंस ना, ता सरकारच्या पैशाचा! उन्हात काढ बघू!"

"ताच सांगतंय! छपराक पैसो आसा, शाळेत मास्तर नाय! खर्च करूक माझी ना नाय रे, खंय करतत ता बघ!"

"तुमचो पक्ष होतो तेव्हा काय कर्ज नव्हता?"

"तेव्हा तू खंयच्या पक्षात होतंस ता सांग आधी!"

मंडपात दहा-पंधरा माणसं जमली. दोघांच्या बाजूनं दोन तट पडले. टाळकऱ्यांतलेही चौघं उठून बाहेर गेले, समजूत घालायला म्हणून, आणि तिथं जाऊन तेही भांडायला लागले.

खालच्या वाड्याच्या गाणाऱ्यानं मागं वळून पाहिलं. पखवाज मांडलेला, टाळ घेऊन काही माणसं बसलेली. त्याला वाटलं हे बसले. नियमाप्रमाणं त्यानं शेवटचं चरण घोळवलं, आवरतं घेतलं आणि उठला. आमचे टाळकरी गुरुदासची वाट बघत दाराकडं तोंड करून बसलेले. सूर विरत चालला होता आणि पुढं कुणी काही लावलेलं नव्हतं. समितीचे एक म्हातारे गृहस्थ खांबाशी उभे होते, त्यांनी सुनंदाकडं पाहिलं. सुनंदा पांढरी पडली.

मी उठले, समोरच्या टाळकऱ्याच्या हातातले टाळ काढून घेतले आणि विठ्ठलाचं नाव लावलं. मला गाता येत नाही. गावात माझ्याशेजारी कुणी भजनाला बसत नाही. पण आवाज मोठा आहे, रोप लावणीला पाच वाफे पलीकडं जायचा. नुसतं नाव, आमच्याकडच्या चालीत, जरा धावतं. इथं बायका मागं बसतात, पुढं येऊन लावत नाहीत. पण मला थांबवायचं तर भजन थांबवावं लागलं असतं, म्हणून कुणी थांबवलं नाही. सुनंदानं टाळी धरली, मग शालननं, मग मागच्या सगळ्या बायकांनी.

बाहेरचं भांडण एकदम बंद झालं. दोघं धावत आत आले. पुंडलिकांनी बसकण मारून पखवाज मांडीवर ओढला आणि थाप मारली. ती बद्द वाजली. भांडणात वेळ गेला तेवढ्यात कणीक सुकली होती. त्यांनी दुसरी मारली, तीही तशीच. माझा दम संपत आला होता.

गुरुदास त्यांच्यासमोर बसला. शेजारच्या तांब्यात बोटं बुडवली आणि स्वतःच्या हातानं त्या कणकेवर पाणी फिरवलं, एकदा, दोनदा, नीट कडेपर्यंत.

"सुकली रे," तो म्हणाला.

"तुझ्यामुळे सुकली," पुंडलीक म्हणाले.

"मार आता."

थाप घुमली. गुरुदासनं मी लावलेलं विठ्ठलाचं नाव माझ्याच चालीत उचललं, मग हळूहळू त्यांच्या चालीवर नेलं, आणि मी टाळ परत देऊन खांबाशी जाऊन बसले. घसा दोन दिवस धरला होता.

पाळी संपल्यावर समितीचे ते गृहस्थ आले. दोघांना म्हणाले, "पाळी ऱ्हवली. तुमच्यामुळे नाय." आणि गेले.

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घ्यायला बाहेर आले तर दोघं एकाच सोप्यावर बसून कडाकडा भांडत होते. पेट्रोलवरचा कर. मत कुणाचंच बदललं नव्हतं. पण पुंडलीक मधेच म्हणाले, "तुझ्या ट्रकाचे हप्ते चालू होते तेव्हा माका कित्याक सांगूक नाय?" आणि गुरुदास म्हणाला, "तू इचारूक नाय." मग पुन्हा पेट्रोल. माझी मान सुटली.

बसपर्यंत दोघंही सोडायला आले. पुंडलिकांनी माझी पिशवी घेतली होती, गुरुदासनं कोकमांचा डबा.

"पुढल्या वर्सा सुरवात विहीणबायनीच करूची, असा वाड्यान ठरयला," पुंडलीक म्हणाले.

"येईन," मी म्हटलं. "पण हद्दीच्या अलीकडचं तिकीट वाड्यानं भरायचं."

"भरूया. वर्गणीतसून."

"वर्गणी खंय शिल्लक आसा?" गुरुदास म्हणाला. "उसने काढूचे पडतले."

"काढूया मगे."

"देतलो कोण?"

दोघं थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले.

मी पिशवी घेतली, बसमध्ये चढले आणि पूर्ण तिकीट काढलं.